लक्ष्मणरावाच्या बांधीतलं पाणी

१

"पाणी सुटलं वोऽऽ! लेकरं-ढोरं वर घ्याऽऽ!"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा परकरात होते. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, परसरामबुवा उभे राहायचे, दोन्ही तळहात तोंडाशी धरायचे आणि तुडूम उघडायच्या आधी हाकारा द्यायचे. तुडूम म्हणजे पारीच्या पोटातलं, पाणी सोडायचं तोंड. त्यात लाकडाचा जाड खुंटा ठोकलेला. खुंटा निघाला की पाणी पाटानं धावत सुटतं आणि धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, पसरतं. खाली कोणाचं लेकरू खेळत असेल, कोणाची म्हैस बसली असेल, म्हणून आधी हाक, मग पाणी. हाकाऱ्याशिवाय तुडूम उघडणं म्हणजे आमच्या खैरबोडीत न विचारता कोणाच्या चुलीपर्यंत जाणं. बुवा जाऊन जमाना झाला, पण रीत राहिली.

त्या शनिवारी मात्र पाणी आलं आणि गावातल्या कोणाच्याच कानावर हाकारा पडला नाही.

उजाडत होतं. तोंडावर पाणी मारत होते तोच अतुल आला, धापा टाकत.

"काकू, चल लवकर! मैदान बुडालं!"

"कोणतं मैदान? हागणदारीचं?"

"हसू नको ना वो काकू! आपलं मैदान! लक्ष्मणरावाची बांधी! कोणीतरी तुडूम उघडलं!"

मी मालन रामटेके, खैरबोडीची पोलीस पाटील. गावचं भांडण लाखांदूरच्या ठाण्यात पोचण्याआधी माझ्या ओसरीवर विझवायचं, हे माझं काम. पण फुटबॉलचं भांडण माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

फुटबॉल गावात आला तो थेट पोलंडहून. अतुलचा मोठा भाऊ अश्विन गोदामात काम करायला तिकडे गेला आणि फिरत फिरत एका फुटबॉल क्लबात लागला. खेळाडू म्हणून नव्हे, मैदान राखायला. गवत कापायचं, रेषा मारायच्या, बर्फ ओढायचा. त्याच वर्षी तो क्लब खालच्या गटातून देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढला. झालं! खैरबोडीला जणू नवं सोयरपण जुळलं. तिकडे ऑगस्टात पहिला सामना हरले, तर इकडे रोवणी करणाऱ्या बाया हळहळल्या. दिवाळीच्या सुमारास लागोपाठ जिंकले, तर मंडईच्या जत्रेत पेढे वाटले. हिवाळ्यात बर्फामुळे लीग थांबली, तेव्हा म्हातारेकोतारे विचारायचे, "अश्विनचे लोकं उठले का नाही झोपेतून?"

त्याच लीगचं पाहून आमच्या पोरांनी तालुक्याची लीग मांडली. वरचा गट, खालचा गट. वरच्या गटात जो शेवटी राहील तो खाली जाईल. खैरबोडीचा शेवटचा सामना रविवारी, पिंपळटोल्याशी. बरोबरी झाली तरी आम्ही वर राहणार होतो. पण मैदान तयार नसेल तर सामना पाहुण्यांचा, असा नियम होता आणि तो आमच्याच पोरांनी घातला होता.

"काकू," अतुल म्हणाला, "मले माहीत आहे हे कोणी केलं."

२

धान कापलं की लक्ष्मणराव मधले धुरे, म्हणजे मातीचे बांध, मोडून आपल्या दोन मोठ्या बांध्या एक करायचा आणि पोरांना द्यायचा. कधी पैसा मागितला नाही, की कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. मला त्या माणसाचं फार वाटायचं. बायको रुखमा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, पोरं नागपुरात. तो एकटाच धुऱ्यावर बसून पोरांचा खेळ पाहायचा. गोल झाला की टाळी नाही, नुसतं डोक्याचं पागोटं सारखं करायचा.

त्या सकाळी तो बांधीत घोट्याच्यावर चिखलात उभा होता. हातात फावडं. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं. डोळे लाल. रात्रभर जागलेला माणूस ओळखू येतो.

बांधी आरशासारखी चमकत होती. गोलचे बांबू त्यात उलटे दिसत होते. खालच्या अंगाला धुरा कापला होता, तिथून पाणी नाल्याकडे उतरत होतं.

"पाहा काकू!" अतुल ओरडला. सारी टीम त्याच्या मागे. "त्या कोपऱ्यात यांचे पऱ्हे रोवणीले तयार. उन्हाळी धान लावाचा आहे यांले. आमची मॅच होईपर्यंत दम निघाला नाही!"

"लक्ष्मणभाऊ," मी विचारलं, "तुम्ही सोडलं काय पाणी?"

तो फावड्याचा चिखल बोटानं काढत राहिला.

"बोला ना जी! नाही म्हणाचं तं नाही म्हणा."

"बांधी माही आहे," तो इतकंच म्हणाला.

"ऐकलं? ऐकलं ना?" अतुलचा आवाज फाटला. "ज्यानं हे केलं त्याचं तोंड मी जिंदगीत पाहणार नाही. ठाण्यात जातो मी. सारं गाव सही देईन."

लक्ष्मणराव वर पाहत म्हणाला, "जा. पण आता माह्या बांधीत कोणी पाय ठेवू नका. यंदा नाही, पुढच्याही साली नाही."

 गावात दुसरं एवढं सपाट रान नव्हतं. मैदान गेलं म्हणजे खेळ गेला. त्याहून वाईट म्हणजे, आयुष्यभर कोणाचं वाकडं न केलेल्या माणसाच्या नावाला चिखल लागत होता.

"उद्या सकाळपर्यंत मले द्या," मी म्हणाले. "मग जा कुठं जाचं तिथं."

सगळे पांगल्यावर मी पाटाच्या कडेनं पारीकडे चालत गेले. पाट जिथे बांधीत उतरतो तिथे थबकले. तोंडाशी तणसाच्या पेंढ्या नीट आडव्या अंथरल्या होत्या, पाण्याच्या धारेनं माती खरवडू नये म्हणून. नवी रोवणी असली की हात हलका असलेल्या बाया असंच करतात.

मैदान नासवायला आलेला माणूस मैदानाला ओरखडा पडू नये म्हणून तणस अंथरेल?

३

दुसरा संशय पिंपळटोल्यावर जाणार हे उघड होतं. त्यांचा कॅप्टन हेमराज दुपारी स्वतःच मोटरसायकलवर आला.

"काकू, मले समजलं का माह्या नावाचा बोभाटा होऊन राहिला."

"नावाचा नाही, गावाचा. बस. चहा घेशील?"

"घेईन, पण साखर कमी. नाहीतं म्हणाल हेमराज लाच खाऊन गेला."

हसला, मग लगेच गंभीर झाला. "मी परवापासून तुमसरले होतो. राइस मिलसमोर धानाचा ट्रॅक्टर घेऊन लायनीत. आज सकाळी नंबर लागला. पाहा, कपाळावर अजून कोंडा आहे. आन् टीमचे सारे पोट्टे माह्यासंगच होते, हमाली कोण करते मग?"

कोंडा खरंच होता, भुवयांतसुद्धा.

"आम्ही हारू, जिंकू. पण पाण्याच्या भरोशावर जिंकाले आम्ही काय बदकं आहो?"

"मग कोणी केलं असेल?"

"ते तुम्ही पाहा. पण एक सांगतो काकू, तुमचं मैदान म्हणजे बेकार! भेगा पाहिल्या तुम्ही? हात जाते आत. मागच्या मॅचमधी अतुलचा पाय अडकला नव्हता काय? कसा लंगडत घरी गेला होता! मीच त्याले गाडीवर सोडला. त्याची माय दारातच रडाले लागली. मले म्हणे, एक लेक परदेशात, दुसऱ्याचं हाड मोडलं तं मी काय करू."

तो गेला. मी चहाचे कप विसळता विसळता त्या भेगांचा विचार करत राहिले. धान निघालं की आमची काळी माती उन्हानं तडकते. पाणी दिलं की भेगा मिटतात. हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक. पण मॅचच्या तोंडावर एवढं पाणी?

आणि उघडलं ते मग बंद का नाही केलं?

४

उत्तरासाठी तलावावर गेले. डोमा ढिवर जाळं वाळवत बसला होता. तलावाची मासेमारी त्याच्या सोसायटीकडे, म्हणजे पाणी गेलं की नुकसान त्याचंच. तो माझ्यावरच भडकला.

"पाटलीनबाई, तुमचे पोट्टे बॉल खेळतेत आन् माह्या मासोळ्या बोंबलतेत! हातभर पाणी उतरलं!"

"तुडूम पाहिलं काय तू?"

"पाहिलं ना. खुंटा सडेल होता. कोणीतरी ओढला, तं अर्धा हातात आला आन् अर्धा आत फसला. मग बंद कसा होईन? तणसाचे बोळे कोंबले, तेही वाहून गेले. पहाटे मी आन् लक्ष्मणराव दोघांनी पोते टाकून दाबलं तवा कुठं थांबलं."

"लक्ष्मणराव तिथं होता?"

"मी आलो तवा कमरेइतक्या पाण्यात उभा होता. एकटाच. मी म्हटलं, अबे हाक मारायची ना, गाव उठलं असतं. तं म्हणे, गाव कायले उठवतं."

मी पारीवर बसले. समोर पाण्यावर वारं चालत होतं. जुनी एक रोवणीची ओवी ओठांवर आली, रुखमा आणि अतुलची आई तारा जोडीनं म्हणायच्या ती:

*बांधीच्या धुऱ्यावर बाई ठेवला मी पाय,*
*पाणी देणाऱ्याचं नाव पिकाले ठावं काय.*

"डोमा, शुक्रवारी कुठं होता तू?"

"पलीकडच्या काठाले, डोंग्यात. दिवस बुडाचा होता." त्यानं जाळ्याची एक गाठ सोडवली. "आता तुम्ही विचारलं तं आठवते. हाकारा आला होता."

"काय?"

"'पाणी सुटलं वो' म्हणून. बारीकच. वारं उलट होतं. बाईचा का माणसाचा, कळलं नाही. मले वाटलं कोणी बकऱ्या हाकलून राहिलं."

 शुक्रवारी सांजेला टीम लाखांदूरला जर्सी आणायला गेली होती. मैदानात चिटपाखरू नव्हतं. तरी ज्यानं तुडूम उघडलं त्यानं आधी पारीवर उभं राहून हाक दिली होती.

चोर हाकारा देत नाही.

५

संध्याकाळी भैयाजीच्या दुकानापुढे गर्दी. भैयाजी मोबाईल टीव्हीला जोडतो आणि पोलंडची मॅच लावतो. फुटाणे, भजी त्याचेच, म्हणून त्याचं फुटबॉलप्रेम सगळ्यांत जास्त. आज अश्विनचा क्लब वरच्या गटात टिकण्यासाठी लढत होता. एरवी असा गोंधळ असतो की देव पळून जाईल. आज पोरं मान खाली घालून होती. अतुल भिंतीला टेकून, कोणाशी न बोलता.

मला खुर्ची दिली. ती खुर्ची ताराची, अतुल-अश्विनच्या आईची. ती नेहमी सगळ्यांत पुढे बसते. खेळ तिला कळत नाही. मॅचच्या आधी टीव्हीवर मैदान दाखवतात, तेवढ्यात कोपऱ्यात पिवळं जाकीट घातलेला अश्विन निमिषभर दिसतो. तेवढं पाहते, पदरानं डोळे पुसते, "दिसला वो माहा राजा," म्हणते आणि भाकरी टाकायला घरी जाते. अख्ख्या हंगामात एक मॅच चुकवली नव्हती तिनं.

"तारा कुठं आहे?" मी विचारलं.

"मायचं डोकं दुखते म्हणे," अतुल पुटपुटला.

टीव्हीवर हिरवंगार मैदान आलं. खेळाडू अजून आत होते. आणि जमिनीतून एकदम पाण्याचे फवारे उठले. उभे, आडवे, गोल फिरणारे. दिव्यांच्या उजेडात पाणी चांदीसारखं उडत होतं.

"अबे भैयाजी, पाऊस नाही आन् हे मैदान ओलं काहून करून राहिले?" मागून कोणी विचारलं.

"मॅचच्या आधी देतात ते पाणी," भैयाजी जाणकाराच्या थाटात म्हणाला. "अश्विन सांगे ना, पाणी दिलं का जमीन नरम राहते, बॉल झरझर पळते. पोट्टे पडले तं लागत नाही."

कोपऱ्यात पिवळं जाकीट दिसलं. नळी गुंडाळत होता. अतुलनं मान वर करून पाहिलं नाही. पण मी पाहिलं. तणसाच्या पेंढ्या, बारीक हाकारा, मिटलेल्या भेगा, रिकामी खुर्ची, सगळं एका पाटानं वाहत येऊन माझ्या पायाशी थांबलं.

मी उठले. भैयाजी ओरडला, "काकू, मॅच तं आता सुरू होऊन राहिली!"

"माही संपली," मी म्हणाले.

६

तारा चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"आज तुहा राजा दिसला," मी म्हणाले. "मैदानाले पाणी देऊन राहिला होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला रडू कोसळलं.

"मालन, मले मारून टाक वो."

"मारत नाही. सांग."

"तो फोनवर दाखवे, माय, हे पाहा, आम्ही मॅचच्या आधी असं पाणी देतो. मले वाटलं, इतके मोठे लोकं देतात, तं आपल्या पोट्ट्यायनं काय पाप केलं? भेगेत पाय जाऊन माह्या अतुलचं हाड मोडलं तं? आपल्याकडं फवारे कुठं? तुडूम आहे." ती हुंदका गिळत बोलत होती. "म्हटलं एक हलकं ओलित देतो, जसं पऱ्ह्याले देतो तसं. सकाळच्या उन्हानं निथळून जाईन. हाकाराही दिला. पण तो मेला खुंटा हातातच तुटला. दोन्ही हातानं तणस कोंबलं. थांबेच ना."

"मग लक्ष्मणराव आला."

तिनं चमकून पाहिलं. "तुले कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही. पारीवर तूच होती, आन् तो रातभर पाण्यात होता. त्यानं तुले पाहिलं नसतं तं त्यानं गाव उठवलं असतं. एवढं पाणी सुटल्यावर कोणी एकटा लढत नाही, तारा. कोणाले तरी झाकाचं असलं तरच लढते. धुरा कापून पाणी नाल्यात काढलं तेही त्यानंच. ज्याले धान लावाचं असते तो पाणी बाहेर काढत नाही."

ती रडत राहिली. "मले म्हणे, तू घरी जा. कोणापाशी चकार शब्द काढू नको. मी पाहतो. मी सकाळी सांगणारच होतो वो, पण अतुल सगळ्यायपुढं बोलला ना, का त्याचं तोंड पाहणार नाही… माही जीभच उचलली नाही."

"पण लक्ष्मणरावानं तुह्यासाठी शिव्या काहून खाल्ल्या?"

"मले नाही माहीत," तारा म्हणाली. पण बोलताना तिनं नजर चुलीच्या राखेकडे वळवली.

७

रविवारी सकाळी सगळे धुऱ्यावर जमले. पाणी उतरलं होतं, चिखल राहिला होता. अतुलच्या हातात तक्रारीचा कागद. पिंपळटोल्याची टीमही आली होती. लक्ष्मणराव आपल्या नेहमीच्या जागी बसला होता, पण आज त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी बसलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत तारा पुढे झाली. चिखलात उतरली, म्हणजे सगळ्यांना दिसावी.

"पाणी म्या सोडलं," ती म्हणाली. "अश्विननं दाखवलं तसं करून पाहिलं. चुकलं माहं. यांचा काही गुन्हा नाही."

अतुलच्या हातातला कागद खाली गेला. त्याच्या कानशिलांवर लाली चढली. एवढ्या लोकांपुढे तो आईकडे पाहत होता आणि आई त्याच्याकडे, आणि दोघांच्या मध्ये तो नुसता ओला चिखल. मग तो बुटांसकट उतरला, तिच्यापाशी गेला, खांद्यावरून हात टाकला.

"अवो माय, त्यायच्याकडं नळी असते. तू तं अख्खा तलाव लावला!"

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सारा धुरा हसला. डोमासुद्धा. तारा रडता रडता हसली.

हेमराज पुढे आला. "आता माहं ऐका. मैदान तयार नाही म्हणून पॉइंट घ्याचा नियम आहे. पण मायनं केलेल्या कामाचा पॉइंट घेतला तं माही माय मले घरात घेणार नाही. मॅच आमच्या गावात खेळू. मैदान आमचं, पण यजमान तुम्ही. चहा तुमचा, भजे तुमचे. भैयाजी, ऐकलं ना?"

"भजे कायले माहे?" भैयाजी ओरडला, पण तोही हसत होता.

टीम ट्रॅक्टरकडे निघाली. अतुल मात्र मागे फिरला. धुऱ्यावर जाऊन लक्ष्मणरावाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामाजी, चुकलो. पण तुम्ही काहून बोलले नाही? एक शब्द बोलले असते तं मी इतकं…"

लक्ष्मणरावानं त्याला उठवलं. तो अतुलशी बोलेल असं मला वाटलं, पण त्याची नजर ताराकडे गेली.  तारानं मान हलवली, नका बोलू अशी. त्यानं ऐकलं नाही.

"कोरोनात मी भंडाऱ्याले दवाखान्यात पडलो होतो," तो म्हणाला. "इकडं रुखमा घरी एकटी. पोट्टे नागपूरले अडकले. साऱ्या गावानं दारं लावलेली. दोष नाही देत कोणाले, वेळच तशी होती. सांजेले तिचा फोन आला. श्वास पुरत नव्हता. म्हणे, तुम्ही काळजी नका करू, तारा आहे माह्यापाशी. पाणी पाजून राहिली."

 त्या दिवसांत रुखमाच्या घरात कोण गेलं होतं, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. तारानं कधी सांगितलं नव्हतं. त्यानंही नाही.

लक्ष्मणराव उठला, चिखलात उतरला, ताराच्या समोर जाऊन उभा राहिला. पागोटं काढून हातात घेतलं.

"आमच्या घरी तुह्यासाठी कप वेगळा होता, तारा. खिडकीत पालथा घालेल. ते तुले माहीत होतं, तरी तू उंबऱ्याच्या आत आली. दवाखान्यातून आल्यावर तुह्या दारावरून किती डाव गेलो मी. बोलाचं होतं. लाजेनं जीभ उठे ना. माही रुखमा तुह्या हातचं पाणी पिऊन गेली, ते शांत गेली. तुहे लय उपकार आहेत माह्यावर, बाई. हे तुले तवाच सांगाले पायजे होतं."